खाऱ्या वाऱ्यात टिकेल असा घरगुती वीज-मॉनिटर

महिन्याकाठी महावितरणचं बिल येतं, त्यात वापराचा एकच आकडा असतो. समजा १४० युनिट. त्यातले फ्रिजचे किती, विहिरीवरच्या पंपाचे किती, इन्व्हर्टरने बॅटरी चार्ज करता करता किती घेतले, हे बिल सांगत नाही. विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर, पडेल या पट्ट्यात आणखी एक कोडं असतं. इथली बरीच घरं शिमगा, मे महिना आणि गणपती सोडले तर कुलपात असतात, माणसं मुंबईला. बंद घरालाही स्थिर आकार लागणार हे समजू शकतं, पण त्याच्या जोडीला वीस-पंचवीस युनिटं पडली तर ती जाळली कोणी?

घरी बनवलेला मॉनिटर याचं उत्तर देऊ शकतो. वायरमन टाँग टेस्टर वायरीभोवती अडकवून अँपिअर बघतो. त्याच जातीचा एक सेन्सर मेन स्विचपाशी कायमचा बसवायचा आणि त्याचे आकडे वायफायने मोबाइलवर आणायचे, एवढाच हा मामला. सामान दोन-अडीच हजारांत बसतं. ज्याने कधी अर्डुइनो हाताळला आहे, किंवा ज्याच्या घरात आयटीआयचा विद्यार्थी आहे, त्याचं हे एका रविवारचं काम. अवघड भाग त्यानंतर येतो: समुद्राच्या तोंडावरच्या घरात ते यंत्र दोन पावसाळे जिवंत ठेवणं. इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक कृती कोरड्या हवेतल्या घरांसाठी लिहिलेल्या असतात. त्या जशाच्या तशा इथे केल्या तर आषाढ संपायच्या आत बोर्डावर हिरवट बुरशीसारखा थर दिसू लागतो.

आधी मीटर वाचा

काही विकत घेण्याआधी मीटरसमोर उभे राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि मीटरच्या पाटीवर एका युनिटला किती वेळा तो लुकलुकणार तो आकडा छापलेला असतो. बहुतेक वेळा १६०० किंवा ३२००. आकडा ३२०० असेल तर एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा आणि ११२५ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर येईल तितके वॉट घर त्या क्षणी ओढतंय. १६००चा मीटर असेल तर ११२५च्या जागी २२५० घ्या. ३२००च्या मीटरवर दर साडेबावीस सेकंदांनी दिवा लागत असेल, तर घरात ५० वॉट चालू आहेत.

रात्री सगळे झोपल्यावर ही मोजणी एकदा करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबलेला असताना, पंखे क्षणभर बंद करून जे वॉट उरतात ते तुमच्या घराचं न दिसणारं ओझं: सेट टॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर, चार्जर, देवघरातली दिव्यांची माळ. हे ओझं ४० वॉट निघालं तर महिन्याला जवळजवळ २९ युनिटं होतात. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा १०० युनिटांवर संपतो आणि पुढच्या युनिटांचा दर चांगलाच चढतो, त्यामुळे या २९ युनिटांना महत्त्व आहे. एखाद्याचं समाधान इथेच झालं तर पुढचं काही बनवायची गरजही नाही.

हा लाल दिवा टिपणारा प्रकाश-सेन्सर मीटरवर चिकटवणारेही आहेत. मला तो मार्ग पसंत नाही. मीटर आपल्या भिंतीवर असला तरी आपला नसतो, आणि त्याला काही चिकटवलेलं दिसलं की नसते प्रश्न उभे राहतात.

सेन्सर कसा निवडाल

या सेन्सरला वायरमन मंडळी सीटी म्हणतात, करंट ट्रान्सफॉर्मर. वायरीतून उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाभोवती चुंबकक्षेत्र तयार होतं. सीटीच्या कड्यावर गुंडाळलेल्या तारेत त्यामुळे मूळ प्रवाहाच्या प्रमाणात छोटासा प्रवाह निर्माण होतो. वायर कापावी लागत नाही, तिला स्पर्शही करावा लागत नाही. अट एकच: कड्यातून फक्त फेजची वायर गेली पाहिजे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र गेल्या तर दोघींची क्षेत्रं एकमेकांना खोडतात आणि सगळं घर चालू असतानाही आकडा शून्य येतो. जुन्या घरांत दोन्ही वायरी एकाच आवरणातून मेन स्विचपर्यंत येतात, म्हणून सीटीची जागा मेन स्विचच्या आत, जिथे त्या वेगळ्या होतात तिथेच.

बाजारात सर्वांत जास्त दिसतो तो एससीटी-०१३, उघडझाप होणारा निळा सेन्सर. त्याच्या एका प्रकारात १०० अँपिअरला ५० मिलिअँपिअर मिळतात. त्याला बाहेरून रोध जोडावा लागतो आणि फेज चालू असताना त्याची टोकं मोकळी सोडायची नसतात. दुसरा ३० अँपिअरला १ व्होल्ट देतो, रोध त्याच्या पोटातच असतो. सिंगल फेज घराला हा दुसरा पुरतो. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये सुरू झालेल्या ओपनएनर्जीमॉनिटर या प्रकल्पाने अशा सेन्सरवर मॉनिटर कसा बांधायचा याची सगळी गणितं आणि अर्डुइनोचा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं मोफत खुला ठेवला आहे. ज्याला शिकायचं आहे, त्याने तिथूनच सुरुवात करावी.

ज्याला फक्त घराचा हिशेब हवा आहे, त्याला मात्र माझा सल्ला वेगळा आहे. ३० अँपिअरला १ व्होल्ट, म्हणजे १० वॉटच्या दिव्याला जेमतेम दीड मिलिव्होल्ट. आकडे वायफायने पाठवणाऱ्या ईएसपी३२ या चिपच्या स्वतःच्या मोजणीत यापेक्षा जास्त थरथर असते, त्यामुळे बारीकसारीक उपकरणं त्यात हरवून जातात. शिवाय नुसता प्रवाह मोजून २३० व्होल्टने गुणलं तर खरे वॉट मिळत नाहीत. पंखा, फ्रिज, पंप, एलईडी दिवे यांत प्रवाह आणि व्होल्टेज एकमेकांच्या लयीत नसतात; बिल मात्र खऱ्या वॉटचंच येतं. त्यात इथलं व्होल्टेज कधी २३० असतं आणि कधी दोनशेच्याही खाली. त्यामुळे व्होल्टेजही त्याच क्षणी मोजलं पाहिजे.

पीझेम-००४टी नावाचा छोटा मोड्यूल हे सगळं स्वतः करतो. व्होल्ट, अँपिअर, खरे वॉट, युनिटं, फ्रिक्वेन्सी आणि पॉवर फॅक्टर तयार स्वरूपात ईएसपी३२ला देतो, आणि वीज गेली तरी जमलेली युनिटं विसरत नाही. एका ईएसपी३२वर वेगवेगळे पत्ते देऊन असे दोन-तीन मोड्यूल चालतात: एक सगळ्या घराला, एक पंपाला. ईएसपी३२साठीचं ईएसपीहोम हे तयार सॉफ्टवेअर वापरलं तर प्रोग्रॅम लिहायचीही गरज नाही, पंधरा-वीस ओळींची फाइल भरली की झालं.

पीझेमसोबत सीटी दोन प्रकारचा मिळतो, उघडणारा आणि अखंड कड्याचा. दुकानदार उघडणारा पुढे करतो, कारण तो बसवायला सोपा. समुद्रकाठच्या घराला अखंड कडंच घ्या. उघडणाऱ्याच्या दोन जबड्यांमध्ये मिठाचा आणि धुळीचा थर साचला की केसाएवढी फट राहते, आणि तेवढ्याने आकडा हळूहळू कमी दाखवू लागतो. वापर घटला असं वाटून आपण खूश होतो, बिल मात्र तेवढंच येतं. अखंड कड्यासाठी मेन स्विचमधून फेजची वायर सोडवून ओवावी लागते. ते काम वायरमनचं.

जोडणी, आणि कुठे हात लावायचा नाही

मीटर, त्याचं सील, आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर यांना हात लावायचा नाही. तिथे काही अडकवणं हा मीटरशी छेडछाडीचा प्रकार ठरू शकतो आणि वीज कायदा २००३च्या कलम १३५खाली तो गुन्हा आहे. दुसरं कारण त्याहून साधं: त्या वायरीत वीज बंद करायची सोय आपल्या हातात नसते. आपलं राज्य मीटरनंतरच्या मेन स्विचपासून सुरू होतं.

मेन स्विचच्या आतलं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्याला नेमकं सांगायचं ते असं: मेन स्विचच्या घराकडच्या बाजूची फेज वायर कड्यातून ओवायची; पीझेमला व्होल्टेज मोजण्यासाठी लागणारी फेज-न्यूट्रलची जोडी वेगळ्या छोट्या एमसीबीवरून द्यायची, म्हणजे मॉनिटर बिघडला तर घर अंधारात न जाता तेवढाच बंद करता येईल. पीझेमच्या ज्या टोकाला २३० व्होल्ट जोडलेले असतात ते टोक उघडंच असतं, आणि मोजणीची चिपही त्याच बाजूला. पेटीचं झाकण बंद झाल्याशिवाय वीज चालू करायची नाही, आणि मेन चालू असताना ईएसपी३२ला लॅपटॉप लावून बसायचं नाही. प्रोग्रॅम टेबलावर आधीच भरून घ्या; पुढचे बदल वायफायवरून करता येतात.

वायरमन आलाच आहे तर घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते बघून घ्या आणि अर्थिंगही तपासून घ्या. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, आणि मिठा-कोळशात पाणी ओतायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. या दोन गोष्टी मॉनिटरपेक्षा जास्त गरजेच्या आहेत. पैसे कमी असतील तर मॉनिटर पुढच्या वर्षी करा.

खारी हवा

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. विजयदुर्गात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता त्याच्या वरच असते, आणि वाऱ्याबरोबर आलेलं मीठ घरातल्या प्रत्येक वस्तूवर बसलेलं असतं. सर्किट बोर्डावर या मिठाच्या पाण्याचा अदृश्य थर तयार होतो. त्यातून एका टोकाकडून दुसऱ्याकडे बारीक प्रवाह गळू लागतो, तांबं हिरवं पडतं आणि एके दिवशी मॉनिटर कारण नसताना रीस्टार्ट होऊ लागतो. प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात आठवडे जातात, दोष असतो मिठाचा.

म्हणून ब्रेडबोर्ड आणि टोचायच्या जंपर वायरी टेबलापुरत्याच. भिंतीवर जाणाऱ्या यंत्रात प्रत्येक जोड सोल्डर केलेला हवा. सोल्डरिंग झाल्यावर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने धुवा, उन्हात नीट वाळवा आणि मग बोर्डावर मारायच्या संरक्षक लॅकर स्प्रेचे दोन हात द्या. स्क्रूची टर्मिनलं, यूएसबीचं तोंड आणि सीटीचा कनेक्टर आधी टेपने झाकायला विसरू नका, नाहीतर तिथेही लॅकर बसून जोड लागणार नाहीत.

पेटी प्लास्टिकची, रबरी गॅस्केटची, आयपी६५ दर्जाची घ्या. पत्र्याची नको. वायरींची भोकं तळाशी पाडा आणि त्यांना केबल ग्लँड लावा. ग्लँड राहिला तर पाणी नंतर येईल, आधी मुंग्या येतील, आणि त्यांच्या मागे पाल. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते, म्हणून पेटी भिंतीला थेट चिकटवू नका, मागे अर्धा इंच फट ठेवा. पश्चिमेकडची भिंत, पडवीची उघडी बाजू आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत टाळा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. निळी गुलाबी झाली की तव्यावर कोरडी भाजून परत ठेवता येते.

मे अखेरच्या वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरात विजा पडतात, तेव्हा मॉनिटरच्या फेज-न्यूट्रलमध्ये सर्ज अरेस्टर असलेला बरा. पण जवळ पडलेल्या विजेपुढे कोणताही अरेस्टर हमी देत नाही. गडगडाट सुरू झाला की त्या छोट्या एमसीबीची कळ खाली करणं हा जुना उपायच चांगला.

आकडा खरा आहे का

बसवून झाल्यावर आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घरातली बाकी उपकरणं बंद करा आणि पाणी तापवायची रॉड बादलीत पूर्ण बुडवून लावा. रॉडवर १००० वॉट लिहिलेलं असलं तरी ते २३० व्होल्टला. व्होल्टेज २०७ असेल तर तीच रॉड ८१० वॉटच घेते. म्हणून पाटीवरच्या आकड्याशी तुलना न करता मीटरच्या लाल दिव्याशी करा: दहा लुकलुकींना लागलेला वेळ घ्या, त्याला दहाने भागून आधीच्या सूत्रात घाला आणि मॉनिटरवरचे वॉट त्याच्या शेजारी ठेवा. घरगुती मीटर एक टक्का अचूकतेच्या वर्गातला असतो. तुमचा मॉनिटर त्याच्यापासून दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर पुरे. दशांशाच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका. मॉनिटरचा उपयोग कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक दाखवायला, आणि त्या कामात नेहमी सारख्याच प्रमाणात चुकणारं यंत्रही उत्तम चालतं.

पहिला महिना घरात काहीही बदलू नका. मिनिटाला एक नोंद पुरते. एकेका उपकरणाचा आलेखावरचा आकार ओळखायला शिका. फ्रिज म्हणजे सरळ उभे कप्पे, दिवसभर ठरावीक अंतराने. इन्व्हर्टर म्हणजे लाइट परत आल्या आल्या उसळलेले काही शे वॉट, जे दोन-तीन तासांत उतरत जातात. ते उतरतच नसतील तर बॅटरी थकली आहे. ती चार्ज घेतेय आणि तापून वाया घालवतेय.

सगळ्यात बोलका असतो पंप. एक अश्वशक्तीचा पंप पाणी चढवत असताना साधारण एक किलोवॉटच्या आसपास ओढतो. रोज पाऊण तास चालला तर महिन्याला बावीस-तेवीस युनिटं. फूटव्हॉल्व्ह गळून पंपातलं पाणी उतरलं, किंवा एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसू लागला, की पंप फिरतो पण पाणी उचलत नाही. त्याच्यावरचा भार गेल्यामुळे वॉट एकदम खाली येतात. पंप चालू आहे पण वॉट नेहमीच्या निम्म्या-पाऊणपट आहेत, असं दोन मिनिटं दिसलं की फोनवर घंटा वाजवा असा नियम ईएसपीहोममध्ये पाच मिनिटांत लिहिता येतो. सील जळून पंप बाहेर काढण्याचा एक खर्च वाचला तरी मॉनिटरचे पैसे वसूल. उलट, वॉट तेवढेच पण अँपिअर वाढलेले आणि व्होल्टेज पडलेलं दिसलं, तर दोष पंपाचा नाही. कमी व्होल्टेजवर मोटर तेच काम जास्त प्रवाह ओढून करते आणि तापते. अशा वेळी पाणी सोडायची वेळ बदला.

व्होल्टेजची नोंद वेगळी ठेवा. पुण्याच्या प्रयास संस्थेच्या ऊर्जा गटाने देशभरातल्या घरांत आणि दुकानांत छोटी यंत्रं बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज नोंदवलं आणि वीजपुरवठ्याचा दर्जा कसा असतो ते आकड्यांनी लोकांपुढे ठेवलं. तुमच्या घरातली नोंद त्याच जातीची. नियमानुसार घरगुती पुरवठ्यात व्होल्टेज २३०च्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ ते २४४. घरच्या यंत्राचा आकडा पुरावा म्हणून कोणी मान्य करणार नाही, पण ‘व्होल्टेज डाऊन असतं’ यापेक्षा ‘रोज संध्याकाळी सात ते नऊ १८५ असतं’ ही तक्रार १९१२ या क्रमांकावर नोंदवलेली बरी. ऐकणाऱ्याला कुठे बघायचं ते कळतं.

कुलूपबंद घर

मुंबईत बसून विजयदुर्गचं घर बघायचं असेल तर एक अडचण आधीच लक्षात घ्या. लाइट गेली की मॉनिटर बंद, राउटरही बंद. ‘लाइट गेली’ हा निरोप पाठवायला कोणी जागंच राहत नाही. म्हणून रचना उलटी करा: मॉनिटरने दर पाच मिनिटांनी हजेरी पाठवायची आणि हजेरी अर्धा तास चुकली की मुंबईकडच्या बाजूने फोन वाजवायचा. तेव्हा लाइट गेली असेल किंवा नुसतं नेट गेलं असेल. हजेरी परत सुरू झाल्यावर मॉनिटर किती वेळ चालू आहे तो आकडा बघा. तो नव्याने शून्यापासून मोजत असेल तर बहुधा लाइटच गेली होती. मे २०२१मध्ये तौक्ते वादळाने या किनाऱ्यावर खांब आडवे केले, तेव्हा पुरवठा कित्येक दिवस नव्हता. अशा वेळी फ्रीजरमध्ये काही ठेवून गेलेल्याला एवढीच माहिती खूप असते.

बंद घराच्या वीस-पंचवीस युनिटांचं कोडंही याच आलेखात सुटतं. दिवसरात्र एकसारखे तीस-पस्तीस वॉट दिसले तर ते बहुधा मागे चालू राहिलेल्या इन्व्हर्टरचे. फक्त रात्री वॉट वाढत असतील तर बाहेरचा दिवा. घरात सगळं बंद असून पाऊस पडला की आकडा चढत असेल, तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये ओल गेली आहे. हे बिलापेक्षा गंभीर आहे आणि त्याला उशीर करू नका.

गणपतीला घर उघडायला याल तेव्हा मॉनिटरची पेटी उघडून सिलिका जेल बदला, टर्मिनलं बघा, रॉड लावून आकडा मीटरशी पुन्हा जुळवा. मेन स्विचमधलं काही काम निघेल असं वाटत असेल तर वायरमनला श्रावणातच सांगून ठेवा. गणपतीच्या आठवड्यात तो कोणालाही सापडत नाही.